नवऱ्याची चाचणी आणि बायकोचा सातबारा

१९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९९७ मध्ये तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अभ्यासातल्या ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. त्यांतल्या बहुतेकींची लग्ने झालेली होती, आणि आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आल्याचे त्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांनी सांगितले होते. तरीही या ३९१ पैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. हा आकडा पुण्यातल्या सगळ्या विवाहित स्त्रियांचा नव्हे, कारण या स्त्रिया मुळात काहीतरी त्रास होत होता म्हणून गुप्तरोग चिकित्सालयात आल्या होत्या. एवढी मर्यादा मान्य करूनही जे उरते ते पुरेसे गंभीर आहे. लागण झालेल्या या स्त्रियांपैकी बहुतेकींनी, त्या काळात भिंतींवर रंगवला जाणारा जोडीदाराशी एकनिष्ठ राहण्याचा सल्ला कोणी न सांगताच पाळला होता.

त्या अभ्यासाला आता जवळजवळ तीस वर्षे होत आली. दरम्यान औषधे आली, ती मोफत मिळू लागली, कायदा झाला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, २०२३ च्या अंदाजानुसार देशात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांतल्या सुमारे ४४ टक्के स्त्रिया आहेत, आणि राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक आजही पहिला आहे. स्त्रियांपर्यंत हा विषाणू कसा पोहोचतो याचे उत्तर वैद्यकाने फार पूर्वी दिले आहे. पण त्या उत्तराला साजेसे धोरण आपण अजून आखलेले नाही, असे माझे म्हणणे आहे. विवाहित स्त्रीचा धोका तिच्या वागण्यातून फारच क्वचित निर्माण होतो. नवऱ्याने चाचणी केली आहे की नाही, तिला त्याबद्दल विचारता येते की नाही, आणि विचारल्यावर घराबाहेर काढले तर तिला जायला जागा आहे की नाही, या तीन गोष्टींवर तो अवलंबून असतो. आपला सगळा प्रचार मात्र तिने कसे वागावे यावर बेतलेला राहिला.

शरीरशास्त्राचा वाटा आधी सांगून टाकू. स्त्री-पुरुष संबंधांत, इतर सर्व गोष्टी सारख्या असताना, पुरुषाकडून स्त्रीला लागण होण्याची शक्यता उलट दिशेच्या साधारण दुप्पट असते. योनिमार्गाच्या अस्तराचे क्षेत्र मोठे असते आणि वीर्य तेथे बराच काळ राहते. शिवाय इतर गुप्तरोगांची लक्षणे स्त्रीला अनेकदा जाणवतच नाहीत, त्यामुळे ते उपचाराविना राहतात आणि विषाणूला वाट करून देतात. कोवळ्या वयात गर्भाशयमुखाची वाढ पूर्ण झालेली नसल्याने धोका आणखी वाढतो, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने १८ वर्षे पूर्ण होण्याआधीच झाली होती. हे सगळे खरे असले, तरी शरीराच्या नाजूकपणावर थांबणारे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. याच शरीराच्या स्त्रीचा नवरा नियमित औषधे घेत असेल आणि त्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी झाला असेल, तर शरीरसंबंधातून तिला लागण होत नाही.

आता निरोधकडे वळू, कारण एड्सच्या प्रचाराचा सगळा भर त्याच्यावर होता. त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९.१ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, आणि निरोध वापरणारी जोडपी शंभरात दहाच्या आसपास आहेत. पुरुष नसबंदीचे प्रमाण नगण्य आहे. दोन मुले झाली की बायकोचे ऑपरेशन, हा क्रम आपल्याकडे इतका रूढ आहे की त्यात काही ठरवले गेले आहे असेही कोणाला वाटत नाही. कुटुंबनियोजनाच्या दृष्टीने हे यश मानले गेले. एचआयव्हीच्या दृष्टीने पाहिले तर मात्र, निरोध वापरा असे नवऱ्याला म्हणण्यासाठी विवाहित स्त्रीजवळ जे एकमेव सभ्य कारण होते, ते या यशाने काढून घेतले. दिवस जाण्याची भीती आहे तोवर निरोधाचा विषय संसाराच्या हिशेबात बसतो. ऑपरेशन झाल्यानंतर तोच विषय काढणे म्हणजे एक तर नवऱ्यावर संशय घेणे, नाही तर स्वतःवर संशय ओढवून घेणे. विशी-पंचविशीत ऑपरेशन झालेल्या स्त्रीसमोर संसाराची पुढची पंचवीस-तीस वर्षे उभी असतात, आणि तेवढ्या काळासाठी तिच्या हातात काहीच उरत नाही. सरकारचे कुटुंबनियोजन खाते आणि एड्स नियंत्रण संस्था ही एकाच आरोग्य मंत्रालयाची दोन अंगे आहेत, पण एकाच्या यशाने दुसऱ्याचा संदेश घरोघरी निकामी केला याची दखल मला कुठे घेतलेली दिसलेली नाही.

याच्या शेजारी सांगलीचे उदाहरण ठेवून पाहावे. मीना सरस्वती सेषू यांच्या ‘संग्राम’ने १९९२ पासून सांगलीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम सुरू केले, आणि त्यातूनच पुढे या स्त्रियांची स्वतःची संघटना, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, उभी राहिली. वस्तीतल्या बायकांनी आपापल्या गल्लीत निरोध वाटले, आणि निरोध नाही तर गिऱ्हाईक नाही ही अट एकटीची न ठेवता सगळ्यांची केली. एकीने नकार दिलेले गिऱ्हाईक शेजारणीकडे गेले तर तिथेही तेच उत्तर मिळणार, हे ठरल्यावर नकाराला किंमत आली. या व्यवसायातली हिंसा, गरिबी आणि पोलिसांचा जाच यांमुळे त्या बायकांचे आयुष्य सुखाचे होते असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण निरोधापुरते बोलायचे तर सांगलीतल्या गोकुळनगर या वस्तीतल्या त्या बाईला जी मुभा मिळाली ती त्याच जिल्ह्यातल्या, गळ्यात मंगळसूत्र असलेल्या बाईला मिळाली नाही. लग्नाच्या बाईची संघटना नसते. तिच्या नकाराला मागे उभी राहणारी शेजारीण नसते, आणि तो नकार कायद्यालाही मान्य नसतो. भारतीय दंड संहितेतला विवाहांतर्गत बलात्काराला गुन्हा न मानणारा अपवाद २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, बायको १८ वर्षांखालील नसेल तर, तसाच ठेवलेला आहे. नवऱ्याला लागण आहे हे ठाऊक असूनही त्याला अडवू न शकणारी स्त्री कायद्याच्या नजरेत फक्त संसार करीत असते.

एचआयव्हीच्या कार्यक्रमाने विवाहित स्त्रीकडे पाहिले ते मुख्यतः एकाच अवस्थेत, ती गरोदर असताना. २००२ मध्ये आईवडिलांकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. उपचार न केल्यास अशी लागण १५ ते ४५ टक्के बाळांना होऊ शकते, आणि नीट उपचार केल्यास ते प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. हजारो मुले या कार्यक्रमामुळे निरोगी जन्मली, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याची सुरुवातीची रचना आठवावी. प्रसूतीच्या वेळी आईला नेविरापीनचा एक डोस आणि जन्मल्यावर बाळाला एक डोस, एवढाच तो उपचार होता. त्या एका डोसाने आईचा आजार बरा होणार नव्हता, उलट त्या औषधाला न जुमानणारा विषाणू तिच्या शरीरात तयार होण्याची शक्यता होती, म्हणजे पुढे तिला स्वतःला उपचार लागतील तेव्हा औषधांचा एक पर्याय कमी होणार होता. मोफत एआरटीची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या नियमित औषधांची, सुरुवात एप्रिल २००४ मध्ये झाली, तीही आधी जास्त प्रादुर्भाव असलेल्या राज्यांतल्या मोजक्या रुग्णालयांत आणि आजार बळावलेल्यांसाठी. लागण असलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला आयुष्यभराचा उपचार देण्याचे धोरण २०१४ मध्ये आले. मधल्या बारा वर्षांत बाळासाठी जे तातडीने केले गेले ते आईसाठी थांबू शकत होते, असाच त्याचा अर्थ होतो.

गरोदरपणातल्या चाचणीचा दुसरा परिणाम घरात दिसतो. घरातली पहिली चाचणी सुनेची होते, म्हणून आजार सुनेने आणला असे ठरते. नवरा कित्येक वर्षे मुंबईत, भिवंडीत किंवा ट्रकवर असतो, त्याची चाचणी कोणी मागितलेली नसते, आणि कागदावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द पहिल्यांदा येतो तो बायकोच्या नावापुढे. त्यात आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. चाचणी माहेरच्या तालुक्यात झाली तर निदान कळते तिच्या आईला, भावाला आणि तिथल्या समुपदेशकाला. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात किंवा शहरात असतो आणि त्याला चाचणीसाठी बोलावण्याचे काम तिच्याच माथी येते. ज्या माणसाने विषाणू घरात आणला असण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याला पकडण्याची जबाबदारी घरातल्या सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसावर टाकणारी ही व्यवस्था आहे. गरोदर स्त्रीची चाचणी बंद करावी असे म्हणणे अर्थातच वेडेपणाचे ठरेल. पण तिच्या आधी तिच्या नवऱ्याची चाचणी का होत नाही, हा प्रश्न आरोग्यखात्याने स्वतःला विचारायला हवा.

हा प्रश्न नुसत्या न्यायाचाही नाही. २०११ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. त्यात ९ देशांतली १७६३ जोडपी होती, प्रत्येक जोडप्यात एकाला लागण होती आणि दुसऱ्याला नव्हती. पुणे आणि चेन्नई ही तिची भारतातली केंद्रे होती. लागण असलेल्या जोडीदाराला लवकर औषधे सुरू केल्यास त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे या चाचणीने दाखवले. पुढच्या अभ्यासांनी याच्याही पुढे जाऊन, रक्तातला विषाणू दबलेला असताना लागण होतच नाही, हे दाखवून दिले. म्हणजे बायकोच्या संरक्षणाचे आजचे सर्वांत परिणामकारक साधन नवऱ्याच्या गोळ्यांच्या डबीत आहे. असे असूनही २०१७ पर्यंत आपल्याकडे निदान झालेल्या माणसालाही प्रतिकारशक्ती ठरावीक पातळीच्या खाली येईपर्यंत थांबावे लागत असे, आणि तेवढा काळ त्याच्या बायकोचा धोका चालू राहत असे. आता निदान झाले की उपचार लगेच सुरू होतात. उरलेला अडथळा निदानाचा आहे. गरोदरपण आणि बाळंतपण यांमुळे स्त्री कधी ना कधी सरकारी दवाखान्याच्या नोंदवहीत येते. पुरुषाच्या आयुष्यात असा टप्पा येत नाही, आणि म्हणून तो क्षयाने किंवा सतत येणाऱ्या तापाने खंगल्यावर, म्हणजे फार उशिरा, चाचणीला येतो.

यावर उपाय म्हणून लग्नाआधीची चाचणी सक्तीची करा, अशी सूचना दर काही वर्षांनी कोणीतरी करतो. गोव्यात २००६ च्या सुमारास सरकारनेच तसा प्रस्ताव मांडला होता. ही सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण तिला माझा विरोध आहे. एक तर लग्नाच्या दिवशी निरोगी असलेला नवरा पुढच्या पाच-दहा वर्षांत कामासाठी बाहेर पडतो, आणि बहुतेक स्त्रियांचा धोका त्या काळातला असतो. लागण नुकतीच झालेली असेल तर चाचणीत ती दिसत नाही. सक्तीच्या प्रमाणपत्राला बाजारात भाव येतो, आणि खासगी प्रयोगशाळांच्या दाखल्यांचा आपला अनुभव पाहता तो भाव काय असेल हे सांगायला नको. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अशा चाचणीचा निकाल दोघांवर सारखा पडत नाही. मुलाचा निकाल वाईट आला तर ती गोष्ट झाकून दुसरे, गरीब घरचे स्थळ पाहिले जाईल. मुलीचा आला तर गावात तोंड दाखवणे कठीण होईल. गोव्याने सक्तीचा एक प्रयोग त्याआधीही केलेला होता. तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातल्या तरतुदीनुसार १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला त्याचा काहीही गुन्हा नसताना जुन्या क्षयरोग रुग्णालयात डांबून ठेवण्यात आले, आणि त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. एवढी सक्ती करून गोव्यात साथ थांबली नाही. तिच्यामुळे लोक चाचणीपासून लांब पळाले असतील तर त्यात नवल नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ मध्ये, लागण असलेल्या माणसाचा विवाहाचा हक्क स्थगित राहतो असे मत व्यक्त केले होते. २००२ मध्ये ते मत मागे घेतले गेले, आणि ते योग्यच झाले. दोघांनी आपखुशीने, एकत्र, मोफत चाचणी करून घ्यावी आणि त्यासाठी सरकारी केंद्रात सन्मानाने सोय असावी, एवढ्यापुरता माझा पाठिंबा आहे.

मग बायकोला कळणार कसे? २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, याचे उत्तर बऱ्याच विचाराने दिलेले आहे. लागण असलेल्या माणसाला आधी समजावून सांगायचे. तो जोडीदाराला सांगणार नाही अशी खात्री झाली आणि जोडीदाराला मोठा धोका असला, तर त्याला पूर्वकल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला प्रत्यक्ष भेटीत सांगू शकतो. मात्र स्त्रीची लागण तिच्या नवऱ्याला सांगितल्याने तिला मारहाण होण्याची किंवा टाकून दिले जाण्याची वाजवी भीती असेल, तर सांगता येत नाही. काही पुरुष हक्क संघटनांना हा पक्षपात वाटेल. मला ती या कायद्यातली सर्वांत वास्तवाला धरून असलेली ओळ वाटते, कारण एकाच बातमीचा परिणाम घरातल्या दोन माणसांवर वेगवेगळा होतो हे तिने मान्य केले आहे. कमतरता दुसरीकडे आहे. ‘सांगू शकतो’ असे कायदा म्हणतो, आणि जोडीदाराला शोधून काढण्याचे बंधन नाही असेही म्हणतो. प्रत्यक्षात हे काम ज्याच्यावर येते तो चाचणी केंद्रातला समुपदेशक कंत्राटी असतो, तुटपुंज्या मानधनावर असतो, आणि त्याच्यापुढे दिवसभराची रांग असते. पुरुषाचे निदान झाल्यापासून त्याच्या बायकोची चाचणी होईपर्यंत किती दिवस गेले, हा आकडा प्रत्येक जिल्ह्याने मोजावा आणि जाहीर करावा. गरोदर स्त्रियांच्या चाचण्यांचे उद्दिष्ट जसे ठरते, तसे हेही ठरावे. आपल्या आरोग्यखात्यात जे मोजले जाते तेच होते, हा सर्वांचाच अनुभव आहे.

तरीही समजा तिला कळले. कळून ती काय करणार? इथे विषय दवाखान्यातून निघून तलाठी कार्यालयात पोहोचतो, आणि माझ्या मते तो मुळातच तिथला आहे. नॅको, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद यांनी २००६ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या एचआयव्हीबाधित कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या जवळजवळ चार पंचमांश विधवांनी पतीच्या मालमत्तेत आपल्याला वाटा नाकारला गेल्याचे सांगितले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच, केंद्राच्या अकरा वर्षे आधी, केली होती. पण वारसनोंदीसाठी अर्ज कोणी केला, कोणाची नावे कळवली आणि सातबारावर कोणाचे नाव लागले, हे दीर, सासरे आणि गावकी मिळून ठरवतात. नवरा गेल्यावर तेराव्याच्या आत सुनेला माहेरी धाडले, की फेरफाराच्या वेळी हरकत घ्यायला ती गावात नसते.

आणि माहेरी तरी तिचे काय असते? बहुतेक मुलींनी लग्नानंतर, वडील गेल्यावर, भावांच्या नावे हक्कसोडपत्र लिहून दिलेले असते. ते कोणी जबरदस्तीने घेतलेले नसते. माहेर तुटू नये, दिवाळीला-पंचमीला हक्काने यायला एक दार राहावे, यासाठी दिलेली ती किंमत असते, आणि देताना तिला ती फार वाटत नाही. लागण झालेली विधवा दोन मुले घेऊन त्या दाराशी येते तेव्हा भावजयीला तिच्या आजाराची भीती वाटते, आईचे घरात चालत नाही, आणि जिथे तिचा कायदेशीर वाटा होता तिथे ती आता पाहुणी असते. सासरी हक्क असून नोंद नाही आणि माहेरी हक्क सोडलेला, अशी ही दुहेरी बेघर अवस्था आपल्या समाजाने अत्यंत शिस्तीने घडवलेली आहे. त्यात, मोफत औषधे येण्याच्या आधीच्या काळात कित्येक कुटुंबांनी असलेनसलेले विकून नवऱ्यावर उपचार केले, आणि बायको आजारी पडेपर्यंत विकायला काही उरले नव्हते.

मालमत्तेचा हा प्रश्न लागण झाल्यानंतरचा, पुनर्वसनाचा आहे, असे समजण्याची चूक आपण करतो. लागण होण्याआधीच तो आपले काम करीत असतो. ज्या बाईला ठाऊक असते की घराबाहेर काढले तर आपल्याला कुठेही जागा नाही, ती नवऱ्याला चाचणी करायला सांगणार नाही, निरोधाचा आग्रह धरणार नाही आणि त्याच्या सुट्टीच्या दिवसांत त्याला नको म्हणणार नाही. तिला माहिती कमी असते हेही खरेच. एचआयव्हीची समग्र माहिती असलेल्या स्त्रिया देशात २१.६ टक्के आणि पुरुष ३०.७ टक्के, असे कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. पण माहिती दुप्पट केली तरी त्या माहितीवर वागण्याची किंमत तितकीच राहील. २०१७ च्या कायद्याने लागण असलेल्या व्यक्तीला एकत्र घरात राहण्याचा आणि तिथल्या सोयी वापरण्याचा हक्क दिला आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही निवासाचा हक्क देतो. हे हक्क वापरण्यासाठी तिला वकील, तालुक्याच्या खेपा आणि सासरच्यांशी उघड वैर पत्करावे लागते. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे, पण दरमहा १५०० रुपयांत घरभाडेही निघत नाही. त्यापेक्षा मृत्यूची नोंद होताच विधवेचे आणि मुलांचे नाव महसूल विभागाने स्वतःहून वारस म्हणून लावावे, आणि पतीच्या मृत्यूनंतर काही ठरावीक काळात विधवेकडून घेतलेले हक्कसोडपत्र तिची स्वतंत्रपणे, सासरच्यांच्या गैरहजेरीत, विचारणा केल्याखेरीज नोंदवू नये, हे दोन नियम एचआयव्ही रोखण्याच्या दृष्टीने मला कित्येक भित्तिपत्रकांपेक्षा मोलाचे वाटतात.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. साथ ओसरत आहे, २०१० पासून देशातल्या नव्या लागणींत ४० टक्क्यांहून अधिक घट झाली आहे, मग आता हा आरडाओरडा कशासाठी? घट खरी आहे आणि तिचे श्रेय नॅकोला, कार्यकर्त्यांना आणि विशेषतः संघटित झालेल्या समूहांना दिले पाहिजे. मात्र ही घट कशी झाली तेही पाहावे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर हे कार्यक्रमाचे ठरलेले गट आहेत. त्यांच्यापर्यंत कार्यकर्ते पोहोचतात, निरोध पोहोचतात, चाचण्या पोहोचतात. या पुरुषांच्या बायका कुठल्याच स्वतंत्र गटात येत नाहीत. नवऱ्याची लागण थांबली तर आपोआप त्यांचीही थांबेल, या हिशेबावर त्यांना सोडलेले आहे. तो हिशेब पुष्कळ अंशी बरोबर ठरला, हे मी नाकारत नाही. पण नवरा ज्या घरी बिघडला त्या घरच्या स्त्रीला त्या हिशेबात दुसरा आधार ठेवलेला नाही, आणि देशातल्या लागण असलेल्या लोकांत स्त्रियांचा वाटा आजही ४४ टक्के आहे तो त्यामुळेच.

आता नवे साधन दाराशी आले आहे. लेनाकॅपाविर हे वर्षातून दोनदा घ्यायचे प्रतिबंधक इंजेक्शन दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण स्त्रियांवरील चाचणीत वापरले गेले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालांनुसार ते मिळालेल्या २१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्याचे स्वस्त उत्पादन करण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एम्क्युअर आहे, आणि गरीब देशांसाठी वर्षाला सुमारे ४० डॉलर एवढ्या किमतीत ते २०२७ पासून देण्याची घोषणा डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या भारतीय कंपन्यांशी झालेल्या करारांनंतर झालेली आहे. रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळीपेक्षा हे वेगळे अशासाठी, की गोळ्यांची डबी घरात लपत नाही आणि ती कशाची आहे हे सासूला सांगावे लागते. सहा महिन्यांनी एकदा आरोग्य केंद्रात जाऊन येणे कोणाच्या डोळ्यावर येत नाही. नवऱ्याची संमती, त्याची चाचणी आणि त्याच्या गोळ्या यांतल्या कशावरही अवलंबून नसलेले इतके परिणामकारक साधन या आजाराच्या इतिहासात पहिल्यांदाच स्त्रीच्या हाती येऊ शकते.

येऊ शकते, असे मी जपून म्हणतो. ते कोणाला द्यायचे याची यादी उद्या दिल्लीत तयार होईल, आणि जुन्या सवयीने ती ठरलेल्या गटांपुरती होईल. लागण असलेल्या पुरुषाची बायको तिच्यात येईलही. ज्याने चाचणीच केलेली नाही, जो वर्षातले दहा महिने बाहेर असतो आणि ज्याला विचारायची सोय नाही, अशा पुरुषाच्या बायकोचे नाव त्या यादीत घालायला कोणते कागद मागणार, हे आताच ठरवायला हवे. नसबंदीसाठी पतीची संमती नियमाने लागत नाही, तरी कित्येक रुग्णालयांत ती आजही मागितली जाते. या इंजेक्शनसाठी बाईचे स्वतःचे म्हणणे हाच पुरेसा पुरावा मानावा, आणि अर्जावर नवऱ्याच्या सहीचा रकाना मुळात छापूच नये.